प्रेशर फ्रेमवर नाही, स्लाइडवर येतं
निपाणीच्या दादांनी विचारलंय, पिस्तुलाची फ्रेम (हातात धरायचा सांगाडा) प्लास्टिकची असताना प्लस-पी, म्हणजे जास्त प्रेशरची, गोळी चालेल का. फ्रेमची काळजी सोडा. प्रेशर झेलतात ते चेंबर (गोळी बसते तो कप्पा), बॅरल (नळी), स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग), आणि ते स्टीलचेच असतात. अमेरिकेतल्या बंदूक-काडतूस उत्पादकांच्या सामी या संस्थेच्या मानकात साध्या ९ एमएमची मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस-पीची ३८,५००. म्हणजे १० टक्के जास्त. पण प्लस-पी घालायची ती पिस्तुलाच्या मॅन्युअलमध्ये ती चालते असं छापलं असेल तरच.

खरा त्रास छोट्या पिस्तुलाच्या स्लाइडचा. ती हलकी, मागे जायला जागा कमी, म्हणून जोरात आपटते. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) लवकर ढिली पडते. कधी मॅगझिनमधली पुढची गोळी वर यायच्या आत स्लाइड पुढे आलेली असते, की झालं, अडकली.

आता आपल्या बेळगाव-खानापुरातलं बघा की. पिकराखणीला बाराबोर बंदूक, आणि ९ एमएम प्रतिबंधित बोअर (साध्या परवान्यावर न मिळणारं माप), त्यामुळे पिस्तुलाचा परवाना मिळालाच (मिळाला तर!) तर बहुतेक .३२. त्याला सामीत प्लस-पी हा प्रकारच नाही. शिवाय .३२ची बरीच पिस्तुलं ब्लोबॅक: लॉकिंग नाही, ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद राहतो तो फक्त स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर. तिथं कुणी ‘कडक माल’ म्हणून दिलेली गोळी अजिबात घालू नका, दादा.