कोंबडीच्या पेशींसाठी फॉस्फो-ईआरकेची कुठली अँटीबॉडी घेऊ? सल्ला हवाय

रंकाळ्याची_पोर:
नमस्कार मंडळी, एमेस्सीचा प्रोजेक्ट चाललाय, इथंच कोल्हापुरात. कोंबडीच्या मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशी, माझ्याकडं लॅबमध्ये वाढवलेली एचडी११ ही जात) एलपीएस (जिवाणूच्या कवचातला पदार्थ) दिलं की आतले कायनेज (निरोप पुढं ढकलणारी एन्झाइम, त्यातलंच एक ईआरके, जागं झालं की फॉस्फेट लागून फॉस्फो-ईआरके) कसे जागे होतात ते बघायचंय, म्हणजे ०, १५, ३०, ६० मिनिटांना पेशी फोडायच्या आणि वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं पट्ट्या बघायच्या). तर माझ्या ब्लॉटवर ४२ किलोडाल्टनच्या आसपास एकच पट्टी येतेय, पेपरात बघावं तिथं ४४ (ईआरके१) आणि ४२ (ईआरके२) अशी जोडी. सर म्हणाले अँटीबॉडी गेली, नवी मागव. त्यात ० मिनिटालाच पट्टी ठळक, काही न देता! महिनाभर हेच चाललंय, वैताग आलाय. कुठली घेऊ सांगा प्लीज, बजेट नाहीच म्हणा.

गंगावेसचा_गडी:
कोंबडी वाचून रश्श्याची रेसिपी असंल म्हणून आलो. चालू द्या तुमचं.

डार्करूम:
थांब ताई, पैसे घालवू नको. पक्ष्यांमध्ये ईआरके१ चं जीनच सापडत नाही, ईआरके२ तेवढा आहे, म्हणून एकच पट्टी. तुझी अँटीबॉडी ठणठणीत दिसतेय. सरांना पटायला हवं असेल तर शेजारच्या लेनमध्ये हीला (माणसाच्या) पेशींचा लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, चालव, तिकडं दोन आणि इकडं एक आली की विषय मिटला.
आता ० मिनिटाचं. ईआरके लई हळवा असतो, ताजं मीडियम घातलं, सीरम लागलं, प्लेट जरा हलवली तरी उठून बसतो. तू मीडियम बदलून लगेच एलपीएस देतेस ना? आदल्या रात्री सीरम कमी कर, सकाळी प्लेटला हातच लावू नको, एलपीएस थोड्याशा मीडियममध्ये कालवून हळूच वरून सोड. आणि कोंबडीचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास गरम असतं, त्या पेशी पंख्याखाली टेबलावर ठेवून गप्पा मारल्यास तर पी३८ (ताणानं जागा होणारा दुसरा कायनेज) पण बोंबलणार. पेशी फोडायच्या बफरमध्ये फॉस्फेट टिकावं म्हणून ऑर्थोव्हॅनडेट आणि सोडियम फ्लोराइड घालतेस का? ब्लॉकिंग दुधात नको, बीएसएत (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) कर, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फरस घेऊन बसलेलं असतं.

रंकाळ्याची_पोर:
दुधातच करत होते 🙈 आणि मीडियम बदलून लगेच, हो. पी३८ करू का मग?

डार्करूम:
कर की. पण आधी यू०१२६ (ईआरकेला जागं होऊ न देणारं रसायन) अर्धा-एक तास देऊन ईआरकेची पट्टी जाते का बघ, गेली तर अँटीबॉडी खरं बोलतेय. पी३८ साठी अ‍ॅनिसोमायसिन पॉझिटिव्ह कंट्रोल, त्यानं पी३८ नक्की उठतो. आणि उंदरातल्या सिग्नलची आकृती जशीच्या तशी थीसिसमध्ये चिकटवू नको, एलपीएस ओळखणाऱ्या टीएलआर४ रिसेप्टरखाली निरोपाचे दोन रस्ते असतात, ट्रिफ आणि मायडी८८; कोंबडीत ट्रिफचा रस्ता चालत नाही, सगळा भार मायडी८८ वर.

पांथरीवाले_डॉक्टर:
मी पशुवैद्य. एचडी११ ठीक आहे, पण ती व्हायरसनं बिघडवलेली पेशी, तिचे सिग्नल आधीच तापलेले असू शकतात. एकदा तरी ताज्या पेशींवर करा. चिकनवाल्याकडं पांथरी (प्लीहा) टाकूनच देतात, पहाटे बर्फ घेऊन गेलात तर मिळंल. रक्त घेणार असाल तर सावध, कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, थ्रोम्बोसाइटलाही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) असतं, पांढऱ्या पेशींच्या थरात ते सगळं मिसळतं.

डार्करूम:
डॉक्टरसाहेब, बरोबर आहे पण तिला मार्चपर्यंत सबमिट करायचं असेल, पांथरीतल्या खिचडीतून मॅक्रोफेज वेगळे काढत बसली तर ब्लॉट कधी करणार? आधी एचडी११ नीट होऊ दे.

पांथरीवाले_डॉक्टर:
तेही खरंच म्हणा. मग निदान ग्रीसची टेस्ट जोडीला करा, एलपीएसनं नायट्रिक ऑक्साइड किती सुटलं ते गुलाबी रंगावरून कळतं, स्वस्तातली आहे. कायनेज अडवल्यावर रंगात फरक पडतो का तेवढं बघा, नुसत्या पट्ट्यांवर परीक्षक गप्प बसत नाहीत.

रंकाळ्याची_पोर:
आठवड्यानं येतेय. बीएसए, रात्रभर कमी सीरम, प्लेट इन्क्युबेटरमधून काढलीच नाही. ० मिनिट जवळजवळ कोरं, १५ ला काळीकुट्ट पट्टी, ६० ला फिकी. हीलाच्या लेनमध्ये दोन, माझ्यात एक. सरांनी बराच वेळ बघितलं, काही बोलले नाहीत, जाताना म्हणाले फोटो पाठव.