मदत हवी आहे: सैन्यात पाद्री व्हायचंय, सेमिनरीत असताना काय करून ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी २९ वर्षांचा, मूळचा नगर जिल्ह्यातला. बी.ए. करून काही वर्षं नोकरी केली. आता पुण्यात सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, बी.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे (ही धर्मशास्त्राची पदवी, सेरामपूर विद्यापीठाची). वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पाळकाची सेवा करायचीच तर ती जवानांमध्ये, हे कॉलेजपासून डोक्यात आहे. आमच्या धर्मप्रांतात या वाटेने गेलेलं माझ्या ओळखीचं कोणी नाही.

जेवढं कळलंय ते आधी लिहितो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू हे सगळे 'रिलिजिअस टीचर' म्हणून भरती होतात. पद जेसीओचं (जवान आणि अधिकारी यांच्या मधला हुद्दा), सुरुवात नायब सुभेदार. पदवी कुठल्याही शाखेची चालते. मागच्या जाहिरातींत वय २५ ते ३४ होतं. धावणं १६०० मीटर, आठ मिनिटांत. त्याची काळजी नाही, रोज पहाटे पळतो.

घोडं अडलंय ते पाद्र्यासाठीच्या खास अटीवर. चर्चच्या योग्य अधिकाऱ्याकडून पाळकीय दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत नाव हवं. म्हणजे सेमिनरीत असताना अर्जच करता येत नाही. बी.डी. संपणार, मग एखाद्या मंडळीत उमेदवारी, मग डीकन (पूर्ण पाळक होण्याआधीची पायरी), मग पूर्ण दीक्षा. तोवर मी ३३ चा होईन. तेवढ्यात भरती निघालीच नाही तर संपलंच.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे सेमिनरीत शिकतानाच 'चॅपलिन कॅन्डिडेट', म्हणजे सैन्यातल्या पाळकपदाचा उमेदवार, होता येतं. सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो, सुट्टीत साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनला प्रशिक्षण होतं, मुरलेल्या चॅपलिनच्या हाताखाली काम करता येतं. एम.डिव्ह. (तिकडची पाळकाची पदवी) आणि चर्चची शिफारस हातात आली की मग खरा चॅपलिन. त्याला वाटतं मी तिकडे यावं! अहो, तिथे नागरिकत्व किंवा निदान ग्रीन कार्ड तरी लागतं. आणि मला सेवा इथल्याच जवानांची करायची आहे. पण शिकता शिकता सैन्याची ओळख करून देणारी ती पद्धत चांगली आहे, एवढं खरं.

तर प्रश्न असे. नुसत्या डीकनपदावर अर्ज स्वीकारतात का? लवकर दीक्षा द्या असं बिशपसाहेबांना विचारणं बरं दिसेल का? आणि आतापासून काय शिकू? कामाच्या यादीत अंत्यविधी, इस्पितळातल्या जवानांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्यांकडे जाणं, मुलांना धर्मशिक्षण असं बरंच आहे. आमच्या अभ्यासक्रमात हिब्रू-ग्रीक भरपूर, पण पाय गमावलेल्या पोराशी काय बोलायचं, हे कोण शिकवणार?

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार):
पाद्रीसाहेब म्हणायची सवय आत्तापासूनच लावून घेतो. जाहिरातीत दीक्षा झालेला पुरोहित असं स्पष्ट असतं, डीकनच्या भरवशावर राहू नका. बिशपांना लवकर दीक्षा द्या म्हणू नका, सैन्यात जायचं आहे हे आजच सांगा. त्यांचं पत्र लागणारच आहे. लेखी परीक्षेत दोन पेपर, एक सामान्य ज्ञानाचा, दुसरा तुमच्या धर्माचा. मुलं पहिल्यातच गळतात. हिंदी पक्की करा. पलटणीत नागा, मिझो, मल्याळी, तमिळ सगळे भेटतील, तुमचं मराठी गीत तिथे कुणाला येणार? निवड झाली की प्रशिक्षणाला पुण्यातच, राष्ट्रीय एकात्मता संस्थेत. तिथे पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाहेब सगळे बरोबरीने शिकतात. सर्वधर्मस्थळात, म्हणजे पलटणीतल्या सगळ्या धर्मांच्या एकत्र प्रार्थनास्थळात, दुसऱ्याच्या सणाला हजर राहायची मनाची तयारी नसेल तर अर्ज करू नका, रागावू नका.

धागाकर्ता:
सर, मनापासून आभार. सर्वधर्मस्थळाचं म्हणाल तर वडिलांनी पलटणीच्या मंदिर परेडला (सगळ्यांनी मिळून पूजेला जमण्याला) कधी दांडी मारली नाही आणि रविवारची उपासनाही सोडली नाही, त्यामुळे घरात तो प्रश्न कधी आलाच नाही. बिशपसाहेबांची वेळ मागितली आहे. आता फक्त एक सांगा: इस्पितळातल्या सेवेचा अनुभव घ्यायला सुट्टीत कुठे जाऊ? लष्करी इस्पितळात माझ्यासारख्या बाहेरच्याला सोडतील असं वाटत नाही. मिशन इस्पितळात महिनाभर पाळकांबरोबर फिरलो तर उपयोग होईल का?