मदत हवी: पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर पावसाळी परसबाग

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र बसतो. शाळेमागे जांभ्यावर जेमतेम वीतभर माती आहे. जूनमध्ये तिथे मुलांच्या हातून भाजी लावायची आणि गणेश चतुर्थीला त्यातलं काहीतरी प्रत्येकाच्या घरच्या माटोळीला (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या लाकडी चौकटीला) बांधलं जावं, अशी फार इच्छा आहे.

गेल्या पावसात तांबडी भाजी (लाल माठ) आणि चवळी पेरली होती. तांबड्या भाजीचं बी इतकं बारीक की मुलांच्या चिमटीत मावेना, आणि उगवलं तेही पहिल्याच मोठ्या सरीत वाहून गेलं. चवळीने मात्र वर्ग जिंकला. तीन-चार दिवसांत माती फोडून दोन जाड दलं वर आली, एकीवर बियाची साल तशीच अडकलेली. "बाई, हिने टोपी घातलीय!" एक मुलगी मूळ बघायला रोज बी उकरून काढायची. तिच्यासाठी काचेच्या बरणीत ओल्या कागदाला चिकटवून बी ठेवलं, तर सगळा वर्ग बरणीभोवती. पुढे सुतळीने वेल मोजणं, पानं मोजणं, चित्र काढणं हे सगळं आपोआप आलं.

आता अडचणी. इथल्या पावसात गादीवाफा किती उंच हवा? कडेला चिरे लावले तर माती टिकेल की पाणी तुंबेल? शंखी गोगलगायी कोवळी रोपं रातोरात फस्त करतात. लहान हात मातीत असतात, त्यामुळे विषारी औषध मला अजिबात नको. दुसरं काय करता?

माटोळीसाठी दोडका, काकडी, भेंडी मनात आहे. पण चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. मग पेरणी कधी धरायची? एकदम करावी की आठवड्याच्या अंतराने?

काही पालक म्हणतात, पोराला शिकायला पाठवलंय, माती उकरायला नाही. स्वतः कुळागर (माड-पोफळीची बाग) राखणाऱ्यांनी असं म्हणावं याचं वाईट वाटतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी खेळातून, कृतीतून शिकण्यावरच भर आहे, पण धोरण वाचून दाखवल्याने कोणाचं मन वळत नाही. तुमच्याकडे पालकांना कशाने पटलं?

आणि सात शिरांच्या भेंडीचं गावठी बी कोणाकडे असेल तर जरूर कळवा, वाळपई-साखळी भागात कुठेही येऊन घेऊन जाईन.