मदत हवी आहे: स्पोक रिम ट्यूबलेस करावी का?

गाडी बुलेट ३५०, मागचा टायर १२०/८०-१८, ट्यूबवाला. मागचं चाक सारखं पंक्चर होतंय. छिद्र दर वेळी ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला, टायरच्या बाजूला नाही. टायर आतून चाचपला, खिळा-तार काही नाही. वर आलेली स्पोकची टोकं कानशीने घासली, रिम टेप नवी टाकली, ट्यूबही बदलली. हवा ३२ पीएसआय ठेवतो.

आता एक जण म्हणतो, निपलांवर (स्पोक रिमला घट्ट धरणाऱ्या छोट्या नटांवर) सीलंट आणि वरून टेप लावून ट्यूबलेस करून देतो. माझ्या दोन शंका आहेत. एक, रिम आतून सपाट आहे, बीड (टायरची रिमवर बसणारी कड) अडवणारा उंचवटा नाही. हवा कमी झाली की वळणावर बीड आत घसरेल ना? दुसरी, खड्ड्यांमुळे चाकाचा आउट (वाकडेपणा) निपल फिरवून वरचेवर काढावा लागतो. निपल फिरवला की सील तुटणारच.

अलॉय घालायचे नाहीत, कच्चा रस्ता रोजचा आहे. पंक्चरवर घालायचं जेल नको, व्हॉल्व्ह चिकटतो.

सपाट रिमवर असं ट्यूबलेस करून कोणी वर्षभर तरी चालवलंय का? आउट काढल्यावर हवा टिकली का? की जाड ट्यूब आणि दुहेरी टेप पुरेल?