विषय: नाखोन सावनला इंग्रजी शिकवायला येतेय, कोणी आहे का तिकडे?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, एम.ए. इंग्लिश, बी.एड., चार वर्षं इथल्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकवलंय. थायलंडमधल्या नाखोन सावनच्या एका सरकारी शाळेत एजन्सीमार्फत जॉब मिळालाय, पगार 23 हजार बाट, मेच्या मध्यावर शाळा सुरू होते म्हणे. एजंट म्हणतोय की आधी टुरिस्ट म्हणून या, कागदपत्रं नंतर बघू, सगळे असंच करतात. हे खरंय का? दुसरं म्हणजे मी शाकाहारी आहे (अंडं चालतं, पण ते घरी माहीत नाही). आणि तिकडे कोणी मराठी आहे का, की सगळे बँकॉकमध्येच? घरी सगळ्यांना टेन्शन आलंय. मलाही आलंय, पण मी दाखवत नाहीये.

– नाशिककर

---

बाळ,

एजंटला एकच विचार, पकडले गेलो तर दंड तू भरणार का. टुरिस्ट म्हणून येऊन शिकवणं बेकायदेशीर आहे, सगळे करत असतील तरी. शाळेचं पत्र घे, भारतातूनच नॉन-इमिग्रंट बी व्हिसा काढ, इथे आल्यावर वर्क परमिट. शिवाय खुरुसपाची परवानगी लागते, म्हणजे शिक्षकांची परिषद. नाव नीट ऐक, गुरुसभाच आहे ती. लायसन्स नसेल तर दोन वर्षांची तात्पुरती परवानगी शाळा मागून घेते. मूळ डिग्री, मार्कशीट, पोलीस क्लिअरन्स हे सगळं बरोबर आण, कुरिअरने मागवत बसू नकोस. आणि आपला पासपोर्ट नेटिव्ह स्पीकरमध्ये धरत नाहीत, तेव्हा टोइकची, म्हणजे इंग्रजीची परीक्षा देऊन ये, साधारण 600 तरी मागतात.

माझं ऐकशील तर बँकॉकच्या आसपासची शाळा बघ. एकटी मुलगी, आडगावी कशाला.

– सुखुमवितवाले काका

---

काकांचं कागदांचं सगळं बरोबर आहे, आडगावाचं मात्र अजिबात ऐकू नकोस.

मी नाखोन सावनमध्ये सहा वर्षं आहे आणि शहरात दुसरं मराठी माणूस मला अजून भेटलेलं नाही, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकते. 23 हजारात बँकॉकला भाडं आणि रोजचं जाणंयेणं यातच महिना संपेल. इथे माझी खोली 3,500 बाटाची आहे, एसी, गरम पाणी, बाल्कनी, फक्त स्वयंपाकघर नाही कारण इथे खोल्यांना ते नसतंच, सगळं गाव बाहेर जेवतं. वीज मात्र घरमालकीण तिच्या रेटने लावते, ते आधी विचारून घे. बँकॉक 240 किलोमीटर, तिथल्या मो चित बसस्टँडवरून व्हॅनने तीनेक तास, गणपतीला जाऊन येता येतं.

गावाचं नाव म्हणजे नगर आणि स्वर्ग, आता स्वर्ग किती ते एप्रिलच्या उन्हात कळेलच. पिंग आणि नान या दोन नद्या इथे मिळतात आणि तिथून पुढे चाओ फ्राया सुरू होते, बँकॉकमधून वाहते तीच. मी मूळची कराडची. पहिल्याच रविवारी कोणीतरी मला संगम दाखवायला नेलं, एक पाणी तांबूस, एक हिरवट, आणि मी तिथे उभी राहून अशी रडले की नेणारी बिचारी घाबरली, तिला वाटलं मला पाण्याची भीती आहे.

शाळेचं सांगते. आठला झेंडा, प्रार्थना. गेटवर वेन म्हणजे ड्युटी असेल तर सव्वासातला हजर, प्रत्येक पोर वाय म्हणजे हात जोडून नमस्कार करत आत येतं आणि तुला प्रत्येकाला मान हलवून उत्तर द्यायचं असतं, मान दुखते. वर्गात पन्नास मुलं. खरी नावं हातभर लांब असल्यामुळे सगळ्यांना टोपणनावं असतात, माझ्या एका वर्गात दोन बँक, एक गोल्फ, एक आइस आणि एक बिअर आहे. बिअर अत्यंत सज्जन मुलगा आहे. तू टिचा. टीचर नाही, टिचा.

शब्दाच्या शेवटी ल आला की मुलं न म्हणतात आणि स आला की त, कारण थाईत शब्द ल किंवा स वर संपतच नाही. स्कूलचं सकून होतं, अ‍ॅपलचं अ‍ॅप्पुन. पहिल्या वर्षी मी यावर फार डोकं आपटलं. मग शेजारच्या वर्गातल्या इंग्लंडच्या सरांनी माझं बोलणं ऐकून विचारलं की तू व्हॅन आणि वॉटर दोन्हीकडे एकच व का म्हणतेस. तेव्हापासून मी जरा गप्प झाले.

नापास करणं विसर. शून्य मिळालं की मुलगा पुन्हा परीक्षा देतो, पुन्हा नाही जमलं तर पुन्हा, आणि काहीतरी लिहून घेऊन त्याला पास करेपर्यंत ते तुझं काम असतं. मार्चमध्ये पोरं वह्या घेऊन कँटीनपर्यंत मागे येतात.

आता पैशाचं. करार बारा महिन्यांचा आहे की दहा, हे आधी बघ. मला पहिल्या एजन्सीने सांगितलंच नाही, आणि मार्च संपल्यावर एप्रिलचा पगार कधी असं विचारलं तर फोनवरची बाई हसली. तो महिना मी शेंगदाणे आणि अंड्यांवर काढला.

बाकी, दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा (टीएम 47), आधीचे 15 दिवस आणि नंतरचे 7 एवढीच सवलत, मी आठव्या दिवशी गेले आणि 2,000 बाट मोजले. सुट्टीत घरी जाण्याआधी री-एंट्री परमिट काढ, एका वेळेचं 1,000 बाट, नाही काढलंस तर राहण्याची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द. आणि सगळ्या शाळेच्या कागदांवर बुद्ध वर्ष असतं, आपल्या सालात 543 मिळवायचे. मी मार्कांच्या वहीत 2019 लिहिलं होतं, ऑफिसातल्या ताईंनी लाल पेनाने काट मारून 2562 केलं, आणि वर असं बघितलं की जणू मीच पाच शतकं मागे राहिले.

– कराडकर ताई

---

मॉडरेटरकडून: रिप्लाय करताना खालचा जुना मजकूर कापत जा हो, डायजेस्ट उघडायला पाच मिनिटं लागतात. आणि मोटरसायकलवर वाद घालणाऱ्या दादांनी नवीन थ्रेड उघडावा.

---

ताई, तुमचं मेल आईला वाचून दाखवलं, अंड्यांचा भाग सोडून. एजंटला व्हिसाचं विचारलं तर आता शाळा पत्र देते म्हणाला, म्हणजे देता येत होतंच.

दोन प्रश्न आहेत. जेवणाचं नक्की काय करू? आणि हे जरा अवघड आहे विचारायला, पण एका व्हिडिओत बघितलं की भारतीय शिक्षकांना तिकडे मान देत नाहीत, गोरेच हवे असतात. खरंय का?

– नाशिककर

---

दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण पहिल्याला पुष्कळ वेळ लागेल.

खरंय आणि नाहीही. शाळेच्या बाहेरच्या मोठ्या बॅनरवर फोटो गोऱ्या सरांचाच असतो, ते सर मागच्या वर्षी निघून गेले तरी अजून आहे. माझा पगार त्यांच्या जवळपासही नव्हता, माझ्याकडे बी.एड. होतं आणि त्यांच्याकडे नव्हतं, फिलिपिन्सच्या दोघींचंही तेच. आपल्याला इथे खॅक म्हणतात, शब्दाचा अर्थ पाहुणा, पण म्हणणाऱ्याच्या आवाजावर ठरतं की पाहुणा की कसा. पहिल्या वर्षी एका पालकाने माझ्यासमोरच विचारलं की खॅक इंग्रजी शिकवणार का. मला तेवढं थाई कळत होतं. ते विसरायला मला बराच वेळ लागला आणि पूर्ण विसरले असंही नाही.

आणि मग जूनमध्ये वाय ख्रूचा, म्हणजे गुरूंना वंदन करायचा दिवस आला. बहुतेक गुरुवारीच असतो, बघ, गुरुवारच. शिक्षक स्टेजवर ओळीने खुर्च्यांवर, मुलं जोडीजोडीने गुडघ्यांवर सरकत पुढे येतात आणि फुलांचं तबक देतात. मी ओळीत शेवटची बसले होते, माझ्याकडे कोणी येईल असं धरलंच नव्हतं. तो बिअर आला. घामाघूम, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. तबक माझ्या हातात दिलं आणि मी बघितलं तर त्यात दुर्वा. आपल्याच दुर्वा गं, थाईत या फ्रॅक म्हणतात. शेजारी वांग्याची फुलं, रुग्मिणीसारख्या लाल फुलांचा गुच्छ आणि तांदळाच्या लाह्या. नंतर स्टाफरूममध्ये एकीने समजावलं की दुर्वा कशाही तुडवल्या तरी पसरतात तशी विद्या पसरू दे, वांग्याचं फूल खाली वाकतं तशी नम्रता, लाल फुलांच्या कळ्या सुईसारख्या टोकदार असतात तशी बुद्धी, आणि लाह्या शिस्तीसाठी. मी त्यातल्या तीन दुर्वा काढून खोलीतल्या गणपतीला वाहिल्या. आता हे बरोबर का चूक ते कोणी मला सांगू नका.

बिअर त्या वर्षी इंग्रजीत शून्यच होता, चार वेळा परीक्षा घेतली.

आता जेवण. 'जे' म्हणजे पूर्ण शाकाहारी, पण त्यात कांदा-लसूणही नाही आणि अंडंही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते जे. वर्षातून नऊ दिवस सगळीकडे जेचे स्टॉल लागतात, साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास, तेव्हा चंगळ. एरवी माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, सगळ्यात असतं. 'माय साय नाम प्ला' हे पाठ कर, नाम प्ला घालू नका. म्हटलं तरी सवयीने हात जातोच, तेव्हा कढईसमोर उभी रहा. आणि कप्राव म्हणजे तुळस, खरीच तुळस, डुकराच्या खिम्यात परतलेली. मी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा आजीचं वृंदावन आठवलं आणि पुढच्या सेकंदाला ताटात काय आहे ते दिसलं.

खोलीवर राइस कुकर आणि इंडक्शन पुरतं. पोहे आण, शेंगदाणे आणि चिंच आणू नकोस, इथे ढीग आहेत. साबुदाणा मात्र आणच, इथे मिळतो पण भिजवला की विरघळतो, माझ्या पहिल्या एकादशीला खिचडीची खळ झाली, पत्रिका चिकटवता आल्या असत्या.

थाई शीक, लगेच. गोऱ्यांना क-ख, प-फ, त-थ यातला फरक कळता कळत नाही, आपल्याला तो फुकट मिळालाय (फ ओठ मिटून म्हण, फळातला, म्हणून फूकेट). मुळाक्षरंही आपल्यासारखी वर्गांतच आहेत. मार खातो तो सुरांत. क्लाय म्हणजे जवळ आणि क्लाय म्हणजे लांब, फक्त सूर वेगळा. माझी खोली शाळेपासून क्लाय आहे असं मला सांगितलं होतं, मी चालत निघाले, चाळीस मिनिटं.

– क.ता.

---

ताई, व्हिसाचं पत्र आलं आज!!! साबुदाणा दोन किलो घेतला. अजून काही हवंय का तुम्हाला?

---

कुकरची रिंग. हॉकिन्स, तीन लिटर. आणि शिट्टीही मिळाली तर, माझी इथल्या मांजराने पळवली.