शाहीर चालतो, पण मेलेला

पर्वतीपायथा (धागाकर्ता):
१ ऑगस्टला पुण्यात सारसबागेपाशी शाहीर अण्णाभाऊ साठ्यांच्या पुतळ्याला हार घालायला एकूण एक पक्षाचे लोक येतात. ज्या माणसाच्या लाल बावटा कलापथकावर मुंबई सरकारने बंदी घातली, त्याचंच २००२ साली टपाल तिकीट निघालं. हरकत नाही. पण जिवंत शाहिराचं काय?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने तीन पोरांचं कलापथक बोलावलं. डफ, तुणतुणं आणि मागे सूर धरणारा एक झीलकरी. बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबात, सोंगाड्या विचारतो, "मावशे, रस्ता कुठं गेला गं?" मावशी म्हणते, "भूमिपूजनाचा फ्लेक्स उचल, त्याच्या खाली असंल." पहिल्या रांगेतले माजी नगरसेवक मांडी थोपटून हसले. त्यांना वाटलं, चिमटा समोरच्या पक्षाला आहे. पुढच्या कडव्यात तीन निवडणुका आणि तीन रंगांची उपरणी आली, आणि माईकच गेला. डफ तेवढा ऐकू येत राहिला.

२०१७ मध्ये मुंबईत एका रेडिओ निवेदिकेने 'सोनू'च्या चालीवर खड्ड्यांचं गाणं केलं, तर महापालिकेने तिच्या घरात डासांच्या अळ्या शोधून नोटीस धाडली. तेव्हा महापालिकेत सत्ता कुणाची? जो पक्ष व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून उभा राहिला त्याची. मग त्या खड्ड्यांच्या गाण्यावर टाळ्या पिटणाऱ्यांचं सरकार असताना २०२३ च्या एप्रिलमध्ये खोक्यांवर रॅप करणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. मग आधीचे नोटीसवाले अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलू लागले.

कसबेकर:
शाहिराला फार डोक्यावर घेताय. राम जोशी, होनाजी पेशव्यांच्या आश्रयाला होतेच की. आमच्या चौकातला एक जण सकाळी एका उमेदवाराच्या प्रचाररिक्षात गातो, दुपारी दुसऱ्याच्या. चाल तीच, नाव बदलतो. उपरणं न बदलता पक्ष बदलायची सोय आहे ही! ढोंग फक्त पुढाऱ्यांचंच कसं?

तुणतुणं:
@कसबेकर, बिदागी घेणं वेगळं आणि विकलं जाणं वेगळं. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला तो कुणाच्या बिदागीवर? पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा उचलला आणि त्यात भिक्षुकशाहीची टर उडवली. अण्णाभाऊंनी तर गणात, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन केलं. साचा लोकांच्या ओळखीचा होता म्हणून टोला बसला.

निवृत्त_मास्तर:
टोला आणि शिवी यात फरक असतो. २०२३ मध्येच आपल्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवराळ रॅपचं चित्रीकरण झालं. त्यालाही विद्रोह म्हणून ओवाळायचं का? एकनाथांनी भारुडात अख्खं सासर उभं-आडवं घेतलं, पण जिभेला वळण होतं.

तुणतुणं:
मास्तर, त्याच भारुडातली सून भवानीआईला जावेबद्दल सांगते, "बोडकी कर गं तिला." हे काय हळदीकुंकवाचं निमंत्रण होतं? चारशे वर्षं उलटली की शिवीचं वळण होतं, एवढंच.

निवृत्त_मास्तर:
ते रूपक आहे. सासू म्हणजे काय, जाऊ म्हणजे काय, हे कीर्तनात बसलेल्याला कळतं. रॅपवाल्याची शिवी ही शिवीच असते. आणि विद्यापीठ ही शिकायची जागा आहे. तिथे परवानगी विचारायला काय होतं?

कसबेकर:
परवानगीवरून आठवलं. नाटकाची संहिता आधी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाला दाखवायची पद्धत अजून आहे. 'कीचकवधा'वर इंग्रजांनी १९१० मध्ये बंदी घातली हे आपण छाती फुगवून सांगतो, आणि दाखल्यासाठी रांगेत उभे राहतो. (हा मुद्दा माझ्याच विरोधात जातोय, कळतंय मला.)

गल्लीबोळ:
सगळ्यांचं वाचलं. माझी शंका साधी आहे. @पर्वतीपायथा, माईक गेला म्हणता, तो आपोआप गेला का? त्या माजी नगरसेवकांची वर्गणी किती होती? आणि साऊंडच्या मशीनपाशी कोण होतं?

पर्वतीपायथा:
वर्गणी एकवीस हजार. मशीनपाशी मी होतो. त्यांनी मागे वळून नुसतं बघितलं, काही बोललेसुद्धा नाहीत.

तुणतुणं:
पोरांची बिदागी तरी पूर्ण दिलीत का?

पर्वतीपायथा:
तीन हजार ठरले होते. अडीच दिले. कार्यक्रम अर्धाच झाला, असं खजिनदार म्हणाले.