प्रतिसाद: थंबनेल तुटकी आणि रंग डागाळलेले

तुमची पर्लमधली सीजीआय स्क्रिप्ट (वेब सर्व्हर विनंती आल्यावर चालवतो तो प्रोग्राम) जीडी या चित्रांच्या लायब्ररीने फोटोंची थंबनेल, म्हणजे छोटी चित्रं, बनवते, पण ती ब्राउझरमध्ये तुटकी आणि डागाळलेली दिसतात, असा प्रश्न आहे. टर्मिनलवर चित्र नीट बनतं आणि ब्राउझरमध्ये तुटकं दिसतं, म्हणजे जीडीचं काम ठीक आहे, बिघाड आउटपुटमध्ये आहे. चित्र छापण्याआधी एसटीडीआउटवर (स्क्रिप्टचं आउटपुट जिथून बाहेर जातं तिथे) बिनमोड लावा, म्हणजे बाइट न बदलता जसेच्या तसे जातात. विंडोजवर तो नसेल तर प्रत्येक ०ए (नव्या ओळीच्या) बाइटआधी ०डी घुसतो आणि जेपीईजी खराब होतं. लिनक्सवरही स्क्रिप्टमध्ये वर कुठे आउटपुटला यूटीएफ-८ लेयर (मजकुराचं एन्कोडिंग बदलणारा थर) लावला असेल तर बाइट बदलून जेपीईजी खराब होतं. खात्रीसाठी ब्राउझरला मिळालेली फाइल सेव्ह करून हेक्स एडिटरमध्ये (जो फाइलचे बाइट आकड्यांत दाखवतो) उघडा: सुरुवात एफएफ डी८ हवी. त्याआधी काही दिसलं तर डीबगसाठी टाकलेला एखादा प्रिंट राहिलाय.

डागाळलेल्या रंगांचं कारण वेगळं. नवीन इमेज बनवताना रुंदी-उंचीनंतर तिसरा आर्ग्युमेंट १ द्या. नाहीतर ती पॅलेटची, म्हणजे फार तर २५६ रंगांची, बनते. फोटो लहान करताना जीडीच्या कॉपीरिसाइज्डऐवजी कॉपीरिसॅम्पल्ड वापरा, कडा खूप सुधारतात.

फाइल उघडल्यावर अनडेफ (रिकामी किंमत, म्हणजे फाइल उघडलीच नाही) आलंय का हे मात्र तपासाच. सीजीआयची चालू डिरेक्टरी आणि युझर टर्मिनलपेक्षा वेगळे असतात, म्हणून पाथ पूर्ण द्या. आणि ६०००×४००० चा फोटो मेमरीत सुमारे ९६ एमबी घेतो. प्रत्येक विनंतीला तो पुन्हा उघडू नका, थंबनेल डिस्कवर साठवा.